बॉनेटच्या नाकाला फुलं बांधू नयेत

मी, शेख मुश्ताक वल्द शेख हबीब, वय चोपन्न, धंदा गाडी दुरुस्ती, राहणार सावली, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि चहा पिऊन लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही, भीतीनेही लिहीत नाही. छातीत कळ आली होती हे खरे. पण नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून नसा मोकळ्या असल्याचे सांगितले आहे. भ्यालेल्या माणसाचे अक्षर असे सरळ येत नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक यांची वाटणी पत्नी नजमा, मुलगा मोहसीन आणि मुलगी सायमा यांच्यात शरियतप्रमाणे व्हावी. त्यात मी माझी अक्कल लावत नाही. मात्र नजमा हयात आहे तोवर तिला कोणी घर सोडायला सांगू नये. मागच्या खोलीचे दार पावसात फुगते. त्याला रंधा मारावा, लाथ मारू नये. हे मोहसीनसाठी लिहिले आहे.

कलम २. वारसांशिवाय इतरांना मी एक तृतीयांशापर्यंतच देऊ शकतो. त्यातून गॅरेजचा कॉम्प्रेसर, वेल्डिंगचे यंत्र आणि सगळे पाने माझा जोडीदार कारागीर झिंगू आत्राम यास द्यावेत. पाने मापाप्रमाणे लावून ठेवणारे या तालुक्यात आम्ही दोघेच. मोहसीनने रुसू नये. तो चंद्रपुरात मोबाईल विकतो आणि दहाच्या नटाला बाराचा पाना लावतो.

कलम ३. आता माझी जुनी टर्बो डिझेल गाडी. हे कलम लांब होईल, कारण घरातला वाद हिच्यावरच आहे.

टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो आणि दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेने ओढ कमी होते. म्हणून मध्ये ती हवा थंड करणारी जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. माझ्या गाडीत तो इंजिनाच्या डोक्यावर आहे आणि बॉनेटवरच्या नाकातून, म्हणजे पुढून उघड्या उंचवट्यातून, त्याला वारा मिळतो. गाडी जुनी झाली तसा बॉनेट आणि इंटरकूलर यांच्यामधला फोम झडला. नाकातून आलेला वारा बाजूने पळून जायचा आणि इंजिनाची गरमी जाळीत शिरायची. सपाटीवर कळायचे नाही. चढ आला की गाडी दम सोडायची.

सायमा एटापल्लीच्या पुढे, आतल्या एका गावात नर्स आहे. गाडी तीच वापरायची. मागल्याच्या मागल्या उन्हाळ्यात बुधरी नावाच्या बाईला कळा सुरू झाल्या. सायमा तिला घेऊन निघाली आणि चढावर गाडी बसली. बुधरीचा मुलगा रस्त्याच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली जन्मला. मायलेक सुखरूप राहिले. पण सायमाने फोनवर एवढेच सांगितले, "अब्बा, गाडीत जान नाई." ते माझ्या कानातून गेले नाही.

मी गाडी सावलीला आणून ठेवली आणि मोठे नाक मागवले. त्याच्या खालचा, वारा आत नेणारा फायबरचा पन्हाळ, तो वारा जाळीवर सारखा वाटून देणारा पत्रा आणि जाड फोमही मागवला. विकणारा म्हणाला होता, या गाडीला बसते. बसत नव्हते. तेव्हा इंटरकूलरच्या कडेने कणकेचे गोळे ठेवून मी बॉनेट लावायचो आणि उघडायचो. कणीक जिथे जाड राहिली तिथे फट. त्या जाडीप्रमाणे फोम कापला, पन्हाळ घासला. नजमा दारातून म्हणाली, "अजी, गाडी को रोटी खिला रहे क्या? घरवालों के वास्ते भी रहने दो."

पुढच्याच लगीनसराईत माझे मित्र, धानाचे शेतकरी गुणवंतराव भांडेकर यांच्या अजयचे लग्न जिवतीला होते. नवरदेवासाठी गाडी माझीच. सजवणाऱ्यांनी झेंडूचा दाट गुच्छ नेमका नाकाच्या तोंडावर बांधला. मी मागच्या बसमध्ये होतो, मला दिसले नाही. जिवतीच्या चढावर गाडी बसली. मी बसमधून उतरलो तर नवरदेव फेटा सांभाळत गाडी ढकलत होता आणि गुणवंतराव सगळ्या वरातीसमोर मला म्हणाले,

"मुश्ताकभाऊ, तुमच्या नाकाले सर्दी झाली का जी?"

"आधी फुलं काढा. श्वास कुठून घेईन ते नाक?"

"फुलं काऊन काढू? लग्न होय का मयत?"

फुले निघाली नाहीत. परतीच्या वेळी मी ती स्वतः उपटली, गाडी सुसाट आली, तर गुणवंतराव म्हणाले, "उताराले तर बंडीही पळते." त्या दिवसापासून मी त्यांच्या घरचे पाणी प्यालो नाही. मोहसीननेही तेच धरून ठेवले. "अब्बा, नाक बेकार आहे. विकून टाका."

नागपूरहून परतल्यावर मला राग धरून ठेवणे जड झाले. मागच्या आठवड्यात मी गुणवंतरावांना बोलावले, मागे धानाची पोती भरली, मोहसीनला गाडी चालवायला बसवले आणि पुन्हा जिवती गाठली. नाक उघडे. मी तोंड बंद ठेवले. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अख्खा चढ चढली. वर गुणवंतराव उतरले, बॉनेटकडे पाहत राहिले.

"मानलं भाऊ. फुलं मीच सांगतली होती बांधाले."

मला फार मोकळे वाटले. पण ते घाट उतरेपर्यंतच टिकले. खाली आल्यावर मोहसीन म्हणतो, "अब्बा, ही गाडी मले द्या ना."

काल विकायला निघालेला आज मागायला लागला! वारसाच्या नावाने मृत्युपत्रात काही लिहिले, तर माझ्यामागे बाकीच्या वारसांचा होकार लागतो. म्हणजे सायमाची गाडी मोहसीनच्या होकारावर टांगलेली. त्याने नाही म्हटले, तर ती गाडी चंद्रपुरात मोबाईलच्या दुकानासमोर उभी राहणार आणि एटापल्लीच्या पुढे बायका पुन्हा रस्त्यावर बाळंत होणार. या विचाराने माझी झोप गेली होती.

कलम ४. गाडीचे जुने, कंपनीचे नाक गुणवंतराव भांडेकर यांना. ते गोठ्यावर ठोकावे आणि त्याला हवा तेवढा झेंडू बांधावा. हे कलम वाचून वकील नाहीद मॅडम म्हणाल्या की, ज्याला मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, आणि गुणवंतराव तर साक्षीला येऊन बसलेले. म्हणून ते नाक मी आज सकाळी त्यांच्या हातातच दिले. हे कलम संपले. नाक मांडीवर घेऊन ते म्हणाले, "जे द्याचं ते देऊनच टाका ना जी. मेल्यावर काय मजा?"

नाहीद मॅडम हसल्या. मी हसलो नाही. मी उठलो.

कलम ५. अंगणात नजमा, मोहसीन आणि रजेवर आलेली सायमा यांना उभे केले. सर्वांसमोर म्हणालो, "सायमा, ही गाडी मी तुला दिली." ती म्हणाली, "कबूल." दोन्ही चाव्या तिच्या हातात ठेवल्या, नाव बदलण्याच्या कागदांवर सही केली. नाहीद मॅडम म्हणाल्या, झाले. याला आता कोणाचा होकार लागत नाही. मोहसीन थोडा वेळ फुगला. मग गाडीत लावलेले त्याचे मोबाईलचे स्टँड काढायला गेला आणि तसाच परत आला. "राहू दे. तुले लागन रस्ता पाहाले."

दिलेल्या वस्तूला मी आता अट घालत नाही. बापाचे सांगणे म्हणून लिहितो: नाकाला फुले, लिंबू-मिरची, झेंडा काहीही बांधू नये. पानगळीत सागाची पाने अडकतात, ती हाताने काढावीत.

सायमा दुपारी निघाली. सही करायची मी थांबलो होतो. आत्ता तिचा फोन आला.

"अब्बा, चढली. तिसऱ्यातच."

मागे हॉर्न वाजत होता. मी विचारले, कोण वाजवतो? म्हणाली, गावात पोचले, बुधरीचा पोरगा मांडीवर येऊन बसला आहे.

तेव्हा गाडीबद्दल या मृत्युपत्रात काही मागणे उरले नाही. बाकीचे वर लिहिल्याप्रमाणे व्हावे. सही करतो.

ठिकाण: सावली
दिनांक: १८ जानेवारी २०२५

(सही) शेख मुश्ताक शेख हबीब

आमच्यासमोर सही झाली:
१. गुणवंतराव भांडेकर, शेतकरी (सही)
२. श्रीहरी बोरकुटे, टायरवाले (सही)