चौदाव्या प्रकरणाची कॉलर

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी दोन शर्ट धुतले. दुपारी पुस्तकाची फाइल पास झाली. चहानंतर मी ती पुन्हा नापास करून ठेवली.

ताईंना नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे हे रीत म्हणून नाही, खरंच विचारतो आहे. साडूसाहेबांचा खोकला बरा असावा (फोनवर तुमच्यापेक्षा तोच जास्त बोलतो). मी ठीक आहे, वेळेवर जेवतो. तुम्ही दर वेळी विचारता, "पुस्तकाचं कुठवर आलं?" आणि मी "चाललंय" म्हणून फोन ठेवतो. मला फोनवर सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. तुमच्या धाकट्या बहिणीचं काम आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचाल.

तिने जुने कपडे दुरुस्त करण्यावर लिहिलेलं पुस्तक कॉम्प्युटरमध्ये तयार आहे, अशी माझी समजूत होती. ती गेल्यावर वाटलं, एवढं ई-पुस्तक करून टाकावं, म्हणजे तिच्या शिवणवर्गातल्या बायकांना मोबाइलवर वाचता येईल. एका दुपारचं काम. ते मी मार्चमध्ये सुरू केलं.

पहिल्यांदा फाइल बदलली तेव्हा पानभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. तिने सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं, आणि तो फॉन्ट काढला की खाली मराठी नसतंच, हे मला साठी उलटल्यावर कळलं. दिसायला एक, आत भलतंच. (आमच्या वजनमापे खात्यात असा काटा आम्ही जप्त करायचो.) मग ते बदलून देणारं एक साधन सापडलं. त्याने अक्षरं आणली, पण वेलांट्या शेजारच्या घरात नेऊन ठेवल्या. त्या एकेक हाताला धरून परत आणण्यात एप्रिल गेला. शिवाय मथळा मधोमध यावा म्हणून तिने स्पेसबार दाबून दाबून शब्द ढकलत नेले होते, आणि पान संपवायचं ते एंटर मारून. मोबाइलवर प्रकरण संपलं की कोरंच कोरं. वाचणाऱ्याला वाटावं पुस्तक आटोपलं, तेवढ्यात एकदम 'बाही आखूड करणे'.

मग तपासणी. दुकानात ठेवण्याआधी पुस्तक एका तपासनीस प्रोग्रॅममधून पास व्हावं लागतं. जन्मभर मी दुसऱ्यांचे काटे तपासले. आता मला कुणी तपासणार म्हटल्यावर मी चक्क इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. चारशेच्या वर चुका निघाल्या. वरच्या मजल्यावरचे कंपाउंडर मागे उभे होते (दवाखाना बंद होऊन वर्षं झाली, हुद्दा शाबूत आहे). ते यादीकडे बघून म्हणाले, "अहो, नातेवाइकांना बोलावून घ्या."

पण गंमत अशी की मला त्यात रस वाटू लागला. ई-पुस्तक म्हणजे एक गाठोडं असतं. फाइलच्या नावाचं शेपूट (टिंबापुढची अक्षरं) बदललं की ते सुटतं. आत पानं वेगळी, चित्रं वेगळी, आणि सगळ्यांची एक यादी. यादीत आहे ते गाठोड्यात हवं, गाठोड्यात आहे ते यादीत हवं. याहून नेटका कारभार मी खात्यातही पाहिला नाही. चित्रांना तिने दिलेली नावं अशी: 'काज नवीन', 'काज नवीन खरं', 'काज हेच घेणे'. नावात मोकळी जागा ठेवली म्हणून तपासनीस रागावला. मी 'हेच' घेतलं.

त्याच्या नजरेतून सुटलं तेही सांगतो. लेखक म्हणून माझं नाव पडलं होतं, कारण कॉम्प्युटर माझ्या नावावर! त्याला तिथे नाव हवं होतं. कुणाचं, याची चौकशी नाही. आणि पुस्तकाची भाषा इंग्रजी नोंदली गेली होती, त्यामुळे मोबाइलला मोठ्याने वाचायला सांगितलं तर त्याने सगळं मराठी गिळलं आणि फक्त इंचांचे आकडे वाचले: टू, फोर, फोर, वन. मला वाईट वाटलं नाही. तोंडात टाचण्या धरून शिवताना तीही एवढंच बोलायची. दोन दिवस तसंच ठेवलं, मग दुरुस्त केलं.

शेवटी एक चूक राहिली. अनुक्रमणिकेत चौदावं प्रकरण आहे, गाठोड्यात नाही. नाव 'कॉलर उलटवणे'. झिजलेली कॉलर उसवायची, खालची कोरी बाजू वर करायची आणि पुन्हा शिवायची. माझे सगळे शर्ट असे दोन आयुष्यं जगले. पण हे ती मी ऑफिसात असताना करायची. संध्याकाळी शर्ट अखंड. पंधरावं प्रकरण लिहून झालं तरी चौदावं राहिलेलं. "ते मला येतं हो, त्याला काय लिहायचंय," म्हणायची. मग लिहायला वेळच राहिला नाही. तुम्हाला विचारावं, तर तुम्ही मागेच सांगितलंत की तुमची मजल बटणापर्यंत.

कंपाउंडर म्हणाले, "एक ओळ खोडून टाका ना. कुणाला कळणार?" सगळ्यांना कळणार. तिच्या वर्गातली बेकरीवाली मला पाव देताना दर वेळी विचारते, "काका, बाकीचं काही नसलं तरी चालेल, कॉलरचं आहे ना? बाई पुढच्या वेळी, पुढच्या वेळी म्हणत राहिल्या." म्हणजे शिकवलंय कुणालाच नाही.

आज दुपारी कंपाउंडरांच्याच सल्ल्याने नुसत्या मथळ्याचं कोरं पान करून गाठोड्यात घातलं. तपासनीस म्हणाला, एकही चूक नाही. "सुटलात!" म्हणून कंपाउंडरांनी माझ्या पाठीत थाप मारली. त्यांना चहा दिला. ते गेल्यावर ते पान काढून टाकलं. रिकाम्या पारड्यावर काटा शून्य दाखवतो तो बरोबरच दाखवतो, पण म्हणून गिऱ्हाइकाला माल मिळाला असं होत नाही.

पत्र लांबलं. गुडघ्यावर जिने लादू नका.

तुमचा,
ती ज्याला 'आमचे हे' म्हणायची, तो

ता. क. एक काम होतं. साडूसाहेबांच्या निळ्या शर्टाची कॉलर तिने मागे इथेच उलटवून दिली होती. तो शर्ट पाठवाल का? उसवून बघेन, लिहून काढेन आणि परत शिवून देईन (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नये). माझ्याकडेही एक आहे, राखाडी रेघांचा. पण तो तिने शेवटचा केलेला. त्याला हात लावायला धजत नाही.

दुसरा ता. क. निळा शर्ट पाठवू नका. पाकीट शोधायला कपाट उघडलं आणि राखाडीच हाती आला. खिडकीशी भिंग घेऊन बसलो आणि सगळी कॉलर उसवली. आत, शर्टाच्या गळ्याच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर लाल दोऱ्याचा एकच टाका आहे. कॉलरच्या मध्यावरही तसाच एक. लालावर लाल ठेवायचा आणि तिथून दोन्हीकडे शिवत जायचं. म्हणून माझी कॉलर कधी तिरकी बसली नाही. एवढंच होतं, ताई. चौदाव्याची पहिली ओळ लिहिली: 'आधी मध्य धरा.' लेखिका म्हणून नाव तिचंच राहील.

आता एका हातात शर्ट आहे, एका हातात कॉलर. कंपाउंडरांना हाक मारणार होतो, पण ते सल्ला देतील. खिडकीत अजून उजेड आहे. दोरा सुईत जात नाही. टोक ओलं करून पुन्हा बघतो.