नवरदेवाची हरकत

गुढियारी, रायपुर
९ जानेवारी २०२५

ती. मायाताईस,
सप्रेम जयभीम. तुले फोनवर ऐकू येत नाही आणि मले फोनवर थांबता येत नाही, म्हणून पत्रच बरं.

आमच्या मोनालीनं आपलं लग्न ठरवलं. पोट्टा यशदीप मेश्राम, आपल्यातलाच, नव्या रायपुरात एका सरकारी संस्थेत नकाशे काढते. रविवारी घरी आला. माझा रेल्वे युनियनचा लाल झेंडा भिंतीवर पाहून खूश झाला. मालक नको, कारखाना कामगारांचा, जमीन कसणाऱ्याची, आणि शेवटी सरकारच उरू नये, इथवर आमचं असं जमलं की शांतानं दुसऱ्यांदा चहा केला.

मग घोळ झाला. मी म्हणालो, आधी कामगारांनी सरकार हाती घ्यायचं, मालकांचा बंदोबस्त करायचा, मग सरकार आपोआप सुकून गळून पडते. त्यानं विचारलं, खुर्चीवर बसलेला माणूस आपोआप गळलेला काकांनी कधी पाहिला का. पोट्टा अराजकवादी निघाला, ताई. म्हणजे दंगेखोर नव्हे, हे त्यानं मले बजावून सांगितलं. साहेब नको, नेता नको, लोकांनी आपसात मिळून चालवायचं. आमचं ठिकाण एकच, पण त्याच्या गाडीले ना ड्रायव्हर, ना गार्ड.

तेही चाललं असतं. पण त्याले लग्नाची नोंदणी नको. आमचं जमलं, त्यावर सरकारचा शिक्का काहून, म्हणते. पगार सरकारचा चालते, हे मी बोलून दाखवलं, तर म्हणे तुम्हीही क्रांती रेल्वेच्या पासावरच फिरून केली. मी सांगून टाकलं, नोंदणी नाही तर लग्न नाही. मोनाली आमच्याकडे पाहून आत गेली, ती जेवायलेही आली नाही. तुझं मत कळव.

मुलांना आशीर्वाद, आणि माझ्यावर रागावलीस तरी पत्र टाकत राहा.
तुझा भाऊ,
तुळशीराम


भंडारा
२० जानेवारी २०२५

चि. तुळशीरामास,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचून मी एवढी हसले की सूनबाई पाणी घेऊन धावली. क्रांती अजून गुढियारीच्या नाक्यावर पोचली नाही, आणि तुम्ही दोघं ती झाल्यावर सरकारले निरोप कसा द्यायचा यावर पोट्टीचं लग्न मोडता.

त्या पोराले माझ्याकडून एक विचार. गावानं आपलं आपण चालवावं, हे ऐकायले गोड आहे. पण आपल्या आजीच्या वेळी गाव आपलं आपणच चालवत होतं, आणि तिले विहिरीवर घागर लावू देत नव्हतं. तेव्हा गावात सरकार पोचलं नव्हतं, म्हणूनच हे चाललं, असं सांग त्याले.

आता तुझं. तुमच्या युनियनचा अध्यक्ष मरेपर्यंत एकच होता. तो कधी सुकला, कधी गळला, मले काही आठवत नाही.

शांताले विचारून लोणचं पाठवते. आपली माया जशी आहे तशीच राहो.
मायाताई


गुढियारी, रायपुर
२४ फेब्रुवारी २०२५

ती. मायाताईस,
सप्रेम जयभीम. तुझं पत्र यशदीपले वाचून दाखवलं. विहिरीपाशी आलो तेव्हा पोट्ट्यानं पत्र हातात घेऊन तेवढं पुन्हा वाचलं. मग म्हणाला, कायदा झाल्यावरही विहीर बंदच होती ना. बाया घागरी घेऊन एकत्र गेल्या तेव्हा उघडली. मी म्हणालो, कायदा नसता तर दुसऱ्या दिवशी त्याच बायांची डोकी फुटली असती. ताई, तो खोटं बोलत नव्हता, आणि मीही नाही. अध्यक्षाचं मी त्याले वाचून दाखवलं नाही.

पण तो नरमला. मोनालीसोबत जाऊन विवाह कार्यालयात नोटीस देऊन आला. तिथं महिनाभर नोटीस लावतात, कोणाची हरकत असेल तर त्यानं घ्यावी म्हणून. मागच्या आठवड्यात कार्यालयातून मले फोन. या लग्नावर लेखी हरकत आली आहे, म्हणे, आणि ती खुद्द नवरदेवाची आहे. लग्नाले त्याची ना नाही, हरकत कार्यालय असण्यालेच आहे. साहेब बिचारे विचारत होते की हे कोणत्या रकान्यात घालू.

मी पोट्ट्याले बोलावून झापलं. मग हरकत वाचली. खरं सांगू, लिहिलं झकास होतं. फक्त भांडवलाचा उल्लेखच नव्हता, म्हणून दोन वाक्यं मी घालायले सांगितली. आम्ही दोघं कागदावर वाकलेलो असताना मोनाली आली. बॅग भरून पंडरीले तिच्या मैत्रिणीकडे, अपर्णाकडे, गेली. आज पाच दिवस झाले, ना त्याचा फोन घेते ना माझा. शांताही माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तुझ्याशी ती बोलेल. तिले लिही, आणि तुझ्या या मूर्ख भावाले पदरात घे.
तुळशीराम


पंडरी, रायपुर
२२ मार्च २०२५

ती. आत्यास,
मोनालीचा सप्रेम जयभीम. माझं मराठी हिंदीवर घसरते, सांभाळून घे.

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी दोघं अपर्णाच्या दारात उभे होते. मी त्यांना आत घेतलं नाही, जिन्यातच सांगितलं. खुर्ची ताब्यात घ्यायची की मोडायची, यावर तुम्ही दोन महिने भांडले. लग्न माझं, पण मले काय पाहिजे हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. मले नोंदणी पाहिजे. अपर्णाचा नवरा तिले सोडून गेला तेव्हा, लग्न झालंच नव्हतं, असं म्हणाला, आणि तिच्याजवळ दाखवायले काही नव्हतं. ती दारामागे उभी राहून ऐकत होती.

यशदीपचा चेहरा उतरला. म्हणाला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, चूक झाली. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन हरकत मागे घेतली. बाबांनी लग्नात भाषण करणार नाही असं कबूल केलं. ते त्यांना जास्त जड गेलं.

काल सह्या झाल्या. मी सही केली आणि पेन यशदीपकडे दिला, तर तो थांबला. त्यानं साहेबांना विचारलं, या कागदानं हिनं माझं ऐकलंच पाहिजे असं काही होते का. साहेब म्हणाले, नाही. मग त्यानं विचारलं, मी हिले सोडून गेलो तर. साहेब चष्म्यावरून पाहत म्हणाले की कोर्टात जाऊन ती पोटगी मागू शकते.

यशदीपनं थोडा विचार केला. म्हणाला, "मग एवढ्या कामासाठी राहू द्या सरकार." आणि सही केली.

मागून बाबा, भाषण न करण्याचं वचन देऊनही, सगळ्या कार्यालयाले ऐकू जाईल असं म्हणाले, "तेच तर आम्ही म्हणतो, सध्यापुरतं."

लवकर ये, आणि आता आम्हा दोघांवर मिळून जीव लाव.
तुझी,
मोनाली