सातवं कडवं

प्रिय योआखिम,

स्टॉकहोमहून धाडलेलं तुझं पत्र पोचलं. तुझ्या वडिलांचं स्तोत्र तू स्वीडिश भाषेत उतरवलंस, ते तिथल्या नव्या पुस्तकात छापलं जाणार आणि त्याच्या वर ते पहिल्यांदा कसं गायलं गेलं याची हकिगत हवी, हे कळलं. हकिगतही तूच लिहून पाठवली आहेस, मी फक्त साक्षीदार म्हणून खाली सही करायची. ‘घोडेस्वार दिसत असूनही आल्टनरोड गावची मंडळी अढळ श्रद्धेने शेवटच्या कडव्यापर्यंत गात राहिली.’ छान लिहिलंयस. पाद्र्यांना असं लिहिता येतं, कारण ते तिथे नसतात. तू तेव्हा विटेनबर्गला शिकत होतास.

चौदा वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात महामारीने गाव निम्मं केलं. गावचे पाद्री म्हणून तुझ्या वडिलांनी एकशेदहा माणसं पुरली आणि मग बसून देवाचे आभार मानणारं सात कडव्यांचं स्तोत्र लिहिलं. असा माणूस एक तर संत असतो नाही तर थकलेला. चर्चचा गायनमास्तर म्हणून चाल मी लावली. आठ आठवडे गावाकडून घोटून घेतली. खाटीक बार्टेल म्हणायचा, "मास्तर, सात कडवी? तोवर घरी चुलीवरचं डुक्कर पुन्हा जिवंत होईल!" मी म्हणायचो, "तुझ्या बायकोच्या हातचं आहे ना? मग कठीण आहे." पण माझा नियम ठाऊक होता सगळ्यांना. स्तोत्र सुरू झालं की संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. उठणाऱ्याचं नाव पुढच्या रविवारी मी ऑर्गनच्या सज्जातून मोठ्याने वाचायचो. एक गरोदर बाई उठली होती, तिचंही वाचलं.

मे महिन्यातल्या त्या रविवारी स्तोत्र पहिल्यांदा चर्चमध्ये गायलं गेलं. सहाव्या कडव्यात दार फुटलं. स्वीडिश राजाची माणसं. त्यांचा धर्म आपलाच, बायबल आपलंच. पहिल्या शिपायाने आत येताच सवयीने टोपी काढली, बगलेत धरली आणि मग पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या लोहाराच्या गळ्यात भाला घातला. बार्टेल बाक उचलून त्यांच्यावर धावला. त्याची कवटी बाप्तिस्म्याच्या दगडी पात्रावर आपटून आपटून फोडली. बायकांना केसांनी धरून फरपटत नेलं. तुझ्या वडिलांना वेदीपाशी उताणं पाडलं, तोंडात लाकडाची पाचर ठोकली आणि बादलीने शेणाचं पाणी ओतलं. चर्चचा चांदीचा प्याला कुठे पुरलाय, एवढंच त्यांना हवं होतं. प्याला आपण दोन वर्षांपूर्वीच विकून धान्य आणलं होतं, पण पाचर असलेल्या तोंडाने ते सांगणार कसं? मग दोघे जण त्यांच्या फुगलेल्या पोटावर चढून नाचले. मी सज्जाच्या जिन्याचा कठडा धरून उभा होतो. एकाने तलवार मारली, उजव्या हाताची तीन बोटं खाली बाकांत पडली. मी ऑर्गनच्या भात्यामागे शिरलो. तिथून सगळं ऐकू येत होतं. नंतर त्यांनी छप्पर पेटवलं. आम्ही अकरा जण उरलो.

वर्षभराने मोठे पाद्री तपासणीला आले. नरम हातांचे, जेवणावर खूश. "मंडळी शेवटपर्यंत गात होती?" म्हणाले. मी म्हटलं, "त्यांच्या शेवटपर्यंत, हो." त्यांनी डोळे टिपले. हकिगतीत बाकीचं त्यांनी घातलं, मग पुढच्याने, आता तू. सातवं कडवं त्या दिवशी कुणी गायलंच नाही, पण चौदा वर्षं लोक येऊन माझा तुटका हात धरतात आणि मी धरू देतो. मला पहिल्या बाकावर बसवतात. मी बसतो.

योआखिम, त्या मंडळींना घोडेस्वार दिसलेच नव्हते. खिडक्या उंच, दार बंद. दिसले फक्त तुझ्या आईला. ती घरातून उशिरा निघाली होती. तिसरं कडवं संपत असताना धापा टाकत सज्जात आली आणि माझी बाही ओढून म्हणाली, "मास्तर, थांबवा! पुलाच्या अलीकडे आलेत, मागच्या दाराने सगळ्यांना लपायला खाणीत काढा." आठ आठवड्यांची मेहनत होती आणि लोक पहिल्यांदा सुरात गात होते. मी ताल धरायच्या काठीने तिला बाक दाखवला. जे काही असेल ते स्तोत्र संपल्यावर. ती क्षणभर उभी राहिली. पाद्रीणबाईच मधे ओरडली तर गावाने काय शिकायचं, हे मीच तिला कधीतरी ऐकवलं होतं. ती बसली आणि गायला लागली. नंतर मी कितीदा तरी ती मधली कडवी, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत, मनात गाऊन पाहिली आहेत. तेवढ्या वेळात चर्च दोनदा रिकामं झालं असतं. तिचा आवाज मी भात्यामागून शेवटी ऐकला, तेव्हा ती गात नव्हती. म्हणून तुझ्या कागदावर सही करत नाही. स्तोत्र छाप, ते चांगलं आहे. हकिगतीच्या जागी हे छाप, माझ्या नावासकट. नाही तर तुझ्या चर्चमध्येही दाराशी आग आली तरी लोक श्रद्धेने बसून राहतील आणि त्यांना बसवणारा एखादा मास्तर तिथेही असेलच.

तुझाच, या पत्रानंतर तू ठेवशील तर,
फाल्टिन ड्रेक्सेल