डाव्या चपलेवरचा डाग

आदरणीय मेहुणेसाहेब,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? मंगळवारी आखडल्याचं तुमच्या बहिणीकडून कळलं. (तिला कुणाकडून कळलं, ते कळलेलं नाही. घरच्या फोनवर त्या दिवशी तुमचा फोन आलेला नाही, मी पाहिलं.) आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहितो.

तुमच्या मोटरसायकल सुरक्षित चालवण्याच्या वर्गाचे माझे चार रविवार फुकट गेले नाहीत. समोरचा प्रत्येक जण आता चूक करणार असं धरून चालवा, हे तुमचं सांगणं मी मनावर घेतलं. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, स्वभावाने मुळीच संशयी नाही. पण उभ्या मोटारीचं दार उघडेल म्हणून मी चार हात लांबून जातो, आत कुणी दिसत नसलं तरीही (वाकून काही शोधत असू शकतो). परवा चौकात पोस्टमनने मला "जा, जा" म्हणून हात केला. एवढा चांगुलपणा कशासाठी, म्हणून मी थांबलो. तोही थांबला. शेवटी तो सायकल हातात धरून चालत गेला. तुमची बहीण मागून म्हणाली, "आपणही चालत निघालो असतो तर एव्हाना पोचलो असतो."

आता मुद्द्याचं. मी दुकानात पायी जातो, गाडी दिवसभर घरीच असते, आणि संध्याकाळी आरसे हललेले असतात. पुढच्या चाकावर खडूने रेघ मारून पाहिली, ती फिरली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर आणि गॅरेजवाल्यावर माझी नजर आहे. पण हा कसला चोर, मेहुणेसाहेब? पेट्रोल भरून ठेवतो, हवा बघतो, चेनला तेलसुद्धा घालतो. असला माणूस फार खोल पाण्यातला असणार.

त्यात गुरुवारी भलतंच झालं. बाजारात जाताना उतारावर अ‍ॅक्सिलरेटरची तार अडकली. मूठ सोडली तरी गाडी पळतच सुटली. अशा वेळी काय करायचं ते तुमच्या वर्गात मी वहीत लिहून घेतलं होतं, आणि वही कोटाच्या आतल्या खिशात होती. मी कोट चाचपतोय, समोर एक न्हावी रस्त्याकडेला खुर्ची टाकून गिऱ्हाइकाची दाढी करतोय, आणि माझ्या उजव्या बगलेखालून एक हात पुढे आला. त्याने मुठीजवळचं लाल बटण दाबलं. इंजीन बंद. "क्लच धरा. आता दोन्ही ब्रेक, हळूहळू," असं मागून शांतपणे ऐकू आलं. आम्ही खुर्चीपासून वीतभर अंतरावर थांबलो. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठून गेलं.

घरी आल्यावर तुमची बहीण एवढंच म्हणाली, "यापुढे मी तुमच्या मागे बसणार नाही." बावीस वर्षं मागे बसलेली बायको, मेहुणेसाहेब! मागे तिचं वजन नसलं की गाडी मला परक्याची वाटते. पुढच्या रविवारी सासूबाईंकडे यायचंय, ती बहुधा बसने येईल. त्या चोराचा तेवढा तपास लावा, तुम्ही या धंद्यातले जाणकार आहात.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. लाल बटण कुठे असतं हे तिला कसं माहीत, हा विचार मला शुक्रवारी दुकानात सुचला. घरी येऊन डोळ्याला भिंग लावलं आणि तिच्या चपला तपासल्या. उजवी स्वच्छ. डावीच्या अंगठ्यावर काळा डाग, गिअर वर ओढून ओढून पडतो तसा. माझ्या डाव्या बुटावरही आहे, पण तिचा जास्त गडद आहे.

ता. क. २. भाडेकरूची आणि गॅरेजवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे. तुमची कंबर मंगळवारी दुपारी कुणाच्या मागे बसून आखडली, हे मी विचारत नाही. शिकवणी थांबवू नका.

ता. क. ३. बसचं मी उगाच धरून चाललो होतो. आज सकाळी तिने माझ्यादेखत आरसे स्वतःच्या उंचीला लावून घेतले आणि रविवारी नऊला तयार राहा म्हणाली. म्हणून खरी विनंती अशी, की आदल्या दिवशी, शनिवारी, मला एक तास द्या. मागे बसणाऱ्याने हात कुठे ठेवायचे, ते वहीत नाही.