हिरवा रकाना

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

अक्का पहिली आली! मंडळाच्या वजन घटवा स्पर्धेत बत्तीस जण, आणि पहिली कोण – तर माझी एकोणसत्तर वर्षांची बहीण! चौसष्ट किलोवरून साडेबावन्न. बीएमआय २७.७ वरून २२.७. लाल रकान्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून हिरव्यात, तेही तीन महिन्यांत.

गणपतीसमोर माइकवर आकडे मीच वाचले. काटा माझा, तक्ता माझा, उंचीच्या वर्गानं भागायचं गणितही मीच सगळ्यांना शिकवलेलं. नापतौल विभागात पस्तीस वर्षं इन्स्पेक्टर होतो, वजनाच्या बाबतीत माझ्या शब्दावर अख्ख्या फ्रीगंजात कोण शंका घेणार? टाळ्याच टाळ्या. बक्षीस मिक्सर. अक्काला तो खोका उचलेना, सेक्रेटरी गोपाळनं हात लावला.

एक गोष्ट मात्र खटकते आहे. उत्साहाच्या भरात शेवटून पहिला नंबरही वाचून टाकला – "अहल्याताई, ३२.२, अजून लालमध्येच! पुढच्या वर्षी जरा मनावर घ्या!" लोक हसले. अहल्याताईही हसल्या, पण तोंडाला पदर लावून. पहिल्या रांगेतून अक्का म्हणाली, "यज्ञू, बस झालं न आता."

येताना टावर चौकात दोन कचोऱ्या खाल्ल्या. आणि हा म्हणे स्पर्धेचा आयोजक! कुणी पाहिलं नाही.

५ सप्टेंबर

सकाळपासून अहल्याताईंचं ते हसणं डोळ्यांपुढून जात नाही. माफी मागायला हवी. उद्या विसर्जनाची गडबड. परवा जाईन.

७ सप्टेंबर, रविवार

गेलो. अहल्याताई मंडळाची घासलेली पातेली घेऊन तिसऱ्या मजल्यावर निघाल्या होत्या. मी रिकाम्या हातानं त्यांच्या मागून. वर पोचेपर्यंत माझा भाता सुरू झाला, त्यांना काही नाही! बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "राहू द्या हो भाईसाहेब, माफी कसली. आमच्या घरात सगळ्या बायका अशाच, जाडजूड." आणि फाइल काढून पुढ्यात टाकली. शुगर ठीक, बीपी ठीक, हृदय ठीक. "आता बोला, तुमचा तक्ता काय म्हणतो?"

मी म्हटलं, तक्ता सर्वसाधारण सांगतो. त्या म्हणाल्या, "मग सर्वसाधारणलाच माइकवर बोलवायचं न!"

इथवर ठीक होतं. पण उठताना त्यांनी अक्काचा विषय काढला. "अक्कांच्या बांगड्या पाहिल्यात? कोपरापर्यंत सरकतात. मंडळाच्या भंडाऱ्यात जेवायला माझ्या शेजारी बसल्या होत्या. डायटिंगवाली बाई खात नसली तरी जिलबीकडे बघते तरी! ह्या ताटाकडे बघतच नव्हत्या. डॉक्टरला दाखवा."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, हरलेल्या माणसाला जिंकणाऱ्यात खोट दिसतेच.

गेलो होतो माफी मागायला!

९ सप्टेंबर

देवश्रीला मुलगी झाली! दोघी सुखरूप. अक्काच्या सुनेचं आधी दोनदा पोटातलं गेलं होतं. या खेपेला एप्रिलपासून पलंगावर होती. तिचं पथ्यपाणी, विक्रांतचा डबा, झाडूपोछा, सगळं अक्कानं एकटीनं ओढलं. कामवाली ठेवू म्हटलं तरी ऐकली नाही.

नातीला हातात घेतलं आणि अक्का रडायला लागली. थांबेचना. विक्रांत म्हणाला, "आई, अगं आनंदात रडतेस काय!" मी जिलबी आणायला पळालो.

१४ सप्टेंबर, रविवार

काल पाचवी पुजली. आज सकाळी अक्कानं फोन लावला – "यज्ञू, उद्या मला इंदूरला घेऊन चल. मोठ्या हॉस्पिटलात. पोटात दुखून राहिलं आहे. विक्रांतला नको सांगू, त्याला बाळंतिणीचं पाहू दे."

मी म्हटलं, कालचं गोड बाधलं असेल. ओवा घे.

"ने तर खरं," म्हणाली.

१६ सप्टेंबर

मोठ्या आतड्यात गाठ. वाईट गाठ. लिव्हरवर दोन डाग. रक्त साडेसहा.

डॉक्टर तरुण होता, विक्रांतपेक्षाही लहान. त्यानं विचारलं, "वज़न कितना कम हुआ?" मी दशांशासकट सांगितलं. तीन महिन्यांत साडेअकरा. त्यानं पेन खाली ठेवलं. "जानबूझकर घटाया था?"

हाच प्रश्न मी एकदा ऐकलेला होता! जुलैत अक्काला काट्यावरून उतरताना चक्कर आली, तेव्हा फ्रीगंजातल्या दवाखान्यात नेलं होतं. त्या डॉक्टरांनी विचारलं तिला, आणि उत्तर दिलं मी! "हाँ साहब, कॉम्पिटिशन चल रही है!" खिशातून तक्ता काढून दाखवला. ते म्हणाले, "वाह अम्माजी, इस उमर में!" ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. अक्का खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, लाजली.

१७ सप्टेंबर

तिचं शरीर झिजत होतं आणि मी टाळ्या वाजवत होतो.

२० सप्टेंबर

स्पर्धेची वही काढून बसलो. अक्काचं पान –

२५ मे – ६४.०
१५ जून – ६१.८
६ जुलै – ५९.१
२७ जुलै – ५६.४
१७ ऑगस्ट – ५३.९
३० ऑगस्ट – ५२.५

प्रत्येक आकड्यापुढे माझ्या हातची बरोबरची खूण. ऑगस्टात तर 'शाबास' लिहिलं आहे. बाकी एकतीस जणांपैकी चार किलोवर कुणी गेलं नाही, तेही चालून चालून टाचा झिजवून. अक्का ना चालायला आली, ना तिनं काही सोडलं. मग कसं उतरतंय, हे विचारायला नको होतं? कुणी घड्याळ-पाकीट काढून काट्यावर चढतो का, कुणी कठड्याला हात लावतो का, एवढंच बघत होतो. चोर पकडायची सवय, दुसरं काय!

विभागातले जुने बाट, म्हणजे तपासणीची वजनं, अजून घरात आहेत. काटा तपासला. एका ग्रॅमची चूक नाही. चूक निघाली असती तर बरं वाटलं असतं.

आता वाचत बसलो आहे, बैल गेल्यावर झोपा केल्यासारखा. हे सूत्र म्हणे डॉक्टरानं काढलेलंच नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका गणितवाल्यानं काढलं, माणसांच्या मोठ्या समूहांची सरासरी बघायला. वजनात चरबी किती, हाडं-मांस किती, चरबी पोटावर की मांड्यांवर, यातलं ते काही सांगत नाही. सडपातळ माणसाला शुगर असू शकते, लठ्ठ माणूस धडधाकट असू शकतो. आणि वजन मेहनतीनं उतरलं की रोगानं, हे तर बिलकुल नाही. पोत्याचं वजन बरोबर भरलं तरी नोकरीत मी पोतं उघडायला लावायचो – आत गहू किती, खडे किती. व्यापारी चिडायचे, तरी लावायचो. बहिणीच्या बाबतीत आकडा हिरव्या रकान्यात बसला आणि मी वही मिटली.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा, अक्का पंधराची. मी काडीपैलवान. रोज माझ्या मनगटाभोवती बोटं लावून बघायची, भरलं का ते. वाटीतलं तूप माझ्या भातावर उपडं करायची. तिनं कुठल्या तक्त्यात पाहिलं होतं?

२४ सप्टेंबर

काल अक्काचं ऑपरेशन झालं. गाठ काढली. लिव्हरचं औषधांवर बघू म्हणतात. खोदून विचारलं तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, मे-जूनमध्ये आणलं असतं तर बात अलग होती. मे-जून! म्हणजे माझ्या वहीचं पहिलं पान.

विक्रांतही तिथेच उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "मामा, तुम्ही दर तीन आठवड्यांनी आईला काट्यावर उभं केलं. एकदाही तुम्हाला वाटलं नाही? एकदाही?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर चाललं असतं. "घरात मी म्हणायचो, आई, किती बारीक झालीस. ती म्हणायची, यज्ञूमामाची स्पर्धा आहे. मामांना समजतं म्हणून मी गप्प बसलो."

घरी आलो तर दारात मिक्सरचा खोका, विक्रांतनं परत पाठवलेला. फोडलेला सुद्धा नाही.

२५ सप्टेंबर

विक्रांत फोन उचलत नाही. बरोबर आहे त्याचं.

२ ऑक्टोबर, दसरा

मंडळात सोनं वाटायला गेलो. भिंतीवर अजून तक्ता लटकलेला! खाली अक्काचा फोटो, हातात खोका. मी तक्ता काढला आणि फाडला. गोपाळ धावत आला – "अहो काका, लॅमिनेशन करायचं होतं! पुढच्या वर्षी तालुक्याची मंडळं पण जोडून राहिलो आहे!" त्याला म्हटलं, कर, पण माझं नाव घालू नकोस. आणि काट्याशेजारी एक पाटी लाव – वजन आपोआप उतरत असेल तर बक्षीस नको, डॉक्टर गाठा. तो म्हणाला, "सणासुदीला असं अशुभ कोण लिहितं?"

अहल्याताई होत्या. सोनं दिलं. चारचौघांत म्हणालो, तुमचं खरं होतं, मी तोंड सोडलं, मला क्षमा करा. डोळ्यांत पाणी आलं, आलं तर आलं. त्या म्हणाल्या, "मला काय सांगता? अक्का घरी येऊन चार दिवस झाले. तुम्ही म्हणे देवश्रीच्या हातात फळं देऊन दारातूनच परत जाता. गुन्हेगारासारखे उभे काय राहता? आत जाऊन बसा."

कोणत्या तोंडानं बसू?

६ ऑक्टोबर

फाटकापर्यंत गेलो. आत बाळ रडत होतं. परत आलो.

८ ऑक्टोबर

अक्काचाच फोन. आवाज खोल गेला आहे. "मरायच्या आधी मिळशील का रे, की बाराव्यालाच येशील?" हे बोलून हसली! मी फोन ठेवून दिला. भ्याड!

१२ ऑक्टोबर, रविवार

आज आत गेलो. अक्कानं देवश्रीला बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत पाठवलं, दार लावायला सांगितलं. मी माफीचं बोलायला लागलो तर म्हणाली, "गप. मला मेमध्येच माहिती होतं."

दात दाखवायला जाते सांगून एकटी बसनं इंदूरला गेली होती. गाठ तेव्हाच सांगितली होती डॉक्टरांनी. म्हणाले होते, लगेच काढा. "देवश्रीला सहावा लागला होता रे. आधीची दोन सहाव्यातच गेली. माझं ऐकून हीपण गेली असती तर? पण वाळायला लागले की सगळे विचारणार. मग तुझी स्पर्धा आठवली. पाडव्याला तू मागे लागला होतास तेव्हा नाही म्हटलं होतं, मग मेमध्ये आपणहून येऊन नाव दिलं न मी? कुणी एक शब्द विचारला नाही. डॉक्टरनं विचारलं तर तूच सांगून दिलं. तुझ्यामुळे निभलं, यज्ञू."

मग माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. देवश्रीला कधीच कळता कामा नये. म्हणून विक्रांतलाही नाही.

निघालो तर फाटकात विक्रांत. "काय मामा, आज किती भरलं वजन?" म्हणाला.

मी फाटक लावलं आणि घरची वाट धरली.