साखळीने मारलेलं टेबल

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्यावरच चिडलोय. हाताला असलं वळण लावून गेलात की इथे सिंगापुरात त्याचा नुसता त्रास होतो. समुद्रकाठच्या एका बंगल्यासाठी मी जेवणाचं टेबल केलं. अख्खं सागवान, एक खिळा नाही. पॉलिश तेवढं बाकी होतं. डिझाइन करणाऱ्या मॅडम पुण्याच्या, इथेच टॅम्पिनीस भागात राहतात. वर्कशॉपला आल्या, टेबलाभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "हे फारच नवीन दिसतंय रे. नॅचरल वाटलं पाहिजे, लाटांनी वाहून आणल्यासारखं." मी म्हटलं, "मग समुद्रातच टाकू का, मॅडम?" "टाक, पण सोमवारी परत आण," म्हणाल्या आणि हसल्या. चिनी मालक हसला नाही. त्याने माझ्या हातात लोखंडी साखळी दिली. "यू हिट, लाह. मेक ओल्ड." नव्या लाकडाला साखळीने मारून खड्डे पाडायचे, म्हणजे ते जुनं दिसतं. नाही म्हटलं तर कामाचं परमिट रद्द, चालू लागा घरी.

शाळा सोडून तुमच्या हाताखाली आलो, तेव्हा कुणाच्या तरी लग्नासाठी केलेल्या कपाटावर माझा हातोडा घसरला होता. तुम्ही ओरडला नाहीत. आईची इस्त्री मागवलीत, खड्ड्यावर ओलं फडकं टाकलंत. इस्त्री टेकते, वाफ निघते, तुम्ही फडकं उचलता आणि खड्डा भरून आलेला असतो. "झाड होतं तेव्हा एकदा तोडलंय त्याला. परत मारू नको," एवढंच बोललात. त्यापेक्षा थोबाडीत दिली असतीत तर मी कधीच विसरलो असतो.

मारलं मी टेबल. दातओठ खाऊन मारलं, तर कडेचा एक खड्डा खोल गेला. मॅडम म्हणाल्या, तेवढा जरा कमी कर. मी इस्त्री आणली, फडकं भिजवलं. तो वर आला. मग त्याच्या शेजारचा घेतला, मग त्याच्या पलीकडचा. हात थांबेच ना. जेवणाच्या सुट्टीत अर्धं टेबल बरं केलं, आबा. मालक जेवून आला, बघत राहिला, आणि त्याने साखळी पुन्हा टेबलावर ठेवली.

परत मारलं. मॅडमनी फोटो काढले, टेबल गेलं. हा कागद काही कुठे जायचा नाही, म्हणून खरं ते लिहितो. दुसऱ्या वेळी मला राग आलाच नाही. कुठे हलकं मारायचं, कुठे जोरात, हे हाताला आपोआप कळत होतं. आणि टेबल खरंच छान दिसत होतं.