धाकट्याचं ताट

१ डिसेंबर, सोमवार
पोचले एकदाची. घोटीच्या पुढे भातखाचरांच्या मधोमध टेकडीवर चक्क इंग्रजी किल्ला उभा आहे. बुरूज, दातेरी तट, वर झेंडा, आणि गेटवर पाटी, लग्नसमारंभासाठी संपर्क साधा. हसून पुरेवाट झाली. मालक प्रफुल्लशेठ नामपूरचे कांदा व्यापारी. इंग्लंडला फिरायला गेले, तिथे थॉर्नमिअर नावाचा पडका किल्ला मोडीत निघालेला. त्याच्या भटारखान्याची दगडी भिंत आणि तिच्यातली लोखंडी झडप उचलून आणली. बाकी सगळं आपलं सिमेंट. मी पाहुण्यांना त्या मूळ किल्ल्याचा इतिहास आणि भुतांच्या गोष्टी रंगवून सांगायच्या. इतिहासात एम.ए. करून वेदिकाबाई भुतं विकायला लागल्या. असो. पगार बरा आहे आणि राहायला दोन खोल्या आहेत, त्यासाठीच तर आले. पायल पाच वर्षांची झाली तरी नांदगावला आईकडेच वाढतेय. चौदा तारखेला आई तिला इथे आणून सोडणार. आता लेक माझ्याजवळच राहील. खोल्या फिनेलने दोनदा पुसल्या, मग कुठे पलंगावर बसवलं.

३ डिसेंबर
भुतं तीन. जिन्यावरची पांढरी बाई आणि बिनडोक्याचा शिकारी, ही दोघं सेल्फीवाल्यांची लाडकी. तिसरा धाकटा. थोरल्याने जहागिरीपायी सख्ख्या भावाला भटारखान्यालगतच्या कोठडीत कोंडलं, याच झडपेआड. इकडे रोज मांस भाजायचे, तिकडे नुसता वास. कोठडी उघडली तेव्हा मेलेल्याच्या उजव्या हाताला बोटं नव्हती. त्यानेच खाल्लेली. चारशे वर्षं लोक तिथे चघळल्याचा आवाज ऐकत, म्हणे.
आमचं स्वयंपाकघर त्याच भिंतीला लागून आहे. स्वयंपाक करणाऱ्या नवसाबाई पेठकडच्या. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि नंतर मला विचारलं, इतक्या वर्षांत त्याला कुणी ताट नाय ठेवलं का. मी म्हटलं, तिकडे तशी पद्धत नसते. तर म्हणाल्या, कसली माणसं ती, गोष्टी सांगत बसली पण घास नाय दिला.

६ डिसेंबर
नवसाबाई रोज दुपारी झडपेपुढे वरणभाताचं ताट ठेवतात. आज ते उचलायची पाळी माझ्यावर आली. शी. शितं चोखून चोखून परत ताटात टाकलेली, त्यावर करडी चिकट लाळ, आणि वास म्हणजे दाढ किडलेल्या तोंडाचा. मांजर असं खात नाही. दिवसभर अन्न गेलं नाही.
उष्ट्याची मला जन्मजात किळस आहे. स्वतःच्या लेकीला चमच्याने भरवते म्हणून आई मला अजून टोमणे मारते. भरवते चमच्याने. लाळेने माखलेला हात मला नाही सहन होत, काय करू. नवसाबाईंना हे बंद करा म्हटलं. त्या म्हणाल्या, मांजर असलं तरी पुण्यच लागंल.

९ डिसेंबर
नवसाबाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या. जाताना बजावलं, ताट चुकवू नका, आता त्याला सवय लागली. मी मान डोलावली आणि त्या वळल्याबरोबर ते ताट कचऱ्यात टाकलं. झडपेपुढची फरशी ॲसिडने घासली. फार बरं वाटलं.

११ डिसेंबर
सकाळी केळं सोललं. साल अख्खी, आत अर्धं केळं चावलेलं. दातांच्या खुणा स्पष्ट.
दुपारी उकडलेलं अंडं घेतलं. कवच मीच फोडलं. आतलं पिवळं चोखून काढलेलं, पोकळीत तीच करडी लाळ.
मॅनेजर ललित शेजारीच जेवत होता, त्याचं अन्न स्वच्छ. त्याला दाखवलं तर म्हणाला, मॅडम, पित्त झालंय तुम्हाला.

१३ डिसेंबर
दोन दिवस नुसतं पाणी, त्यालाही लाळेसारखी तार सुटते. आईला फोन लावला आणि ठेवला. काय सांगू, केळं उष्टं निघालं म्हणून पायलला आणू नकोस? आधीच ती म्हणते, तुला पोर नकोच आहे. उद्या नवं ताट ठेवावं का— नको. त्या घाणीला हात लावायचा नाही मला.

१४ डिसेंबर, रविवार
आई पायलला सोडून दुपारच्या गाडीने गेली. पायल एका पोळीला तासभर घालवणारी. आज स्वयंपाकघरात बसून ताट चाटूनपुसून रिकामं केलं. मी हरखले. शाबासकी दिली.
म्हणाली, काकांनी मदत केली. ते आधी चावून मऊ करून देतात.
तोंडात बोटं घालून ओकायला लावलं. वरणभातच खाल्ला होता तिने. मोरीत पडली ती नखं. मोठ्या माणसाची, पिवळी.

१५ डिसेंबर
नोकरी गेली खड्ड्यात. पायलला घेऊन नाशिकला मैत्रिणीकडे, निकिताकडे आलेय. ती कामानिमित्त बाहेरगावी आहे, किल्ली शेजाऱ्यांकडे होती.
कोपऱ्यावरून मिसळ आणली. पावाला आतून चावा.
नवसाबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, पोरीनं त्याचं उष्टं खाल्लं, आता ती त्याच्या पंगतीची झाली, जागा सोडून उपेग नाय. ताट वाढा.

१६ डिसेंबर
ताट वाढलं. वरणभात, मग मटण, मग जिलबी. माशीसुद्धा बसली नाही.
दुपारी पायल झोपली होती. उजव्या हाताचं पहिलं बोट ओलं. ती अंगठा चोखते, बोट नाही— आणि खुणा तिच्या दातांच्या नाहीत. रुंद आहेत. डेटॉलने धुतलं. पुसून वळले तोवर परत ओलं.

१७ डिसेंबर
पायलने सांगितलं. काकांना ताट नकोय. ती त्यांना म्हणाली होती, माझी आई मला हाताने भरवत नाही. ते म्हणाले, मलाही कुणी नाही भरवलं.
तिचं बोट आता लाल झालंय—

त्याच दिवशी, दुपारी
भात कालवला. हाताने. घास धरला, हवेतच.
ओठ लागले. गार, फाटलेले. जीभ बोटांमधून फिरते. लाळ कोपरापर्यंत. दोनदा ओकले, हात काढला नाही. डाव्या हाताने लिहितेय.
पायलचं बोट कोरडं आहे. बघते सारखी. कोरडंच आहे.

भात संपला. तोंड मिटत नाही
हात काढला की पायल झोपेत कण्हते. परत घातला की गप्प होते
करंगळी— दुखत नाही फारसं. किळस जास्त
पायल बाळा, उठलीस की या खोलीत येऊ नको, आजीला फोन कर, आणि आजीला म्हण, मला रोज तुझ्याच हाताने भरव
माझा अंगठा राहिलाय अजून, तोवर तो तुझ्याकडे येणार नाही